दोन-चारच्या बांगड्या

"हात ढिला सोड वं पोरी, काहून आखडून राहिली?" रंभाबाई कासारीण म्हणाली आणि तिनं उत्तराचा डावा हात आपल्या मांडीवरच्या फडक्यावर ओढून घेतला. चारी बोटं एकत्र आवळली, अंगठा तळव्यात मुडपला आणि दोन-चारच्या मापाची हिरवी बांगडी मुठीच्या हाडांपर्यंत आणून थांबवली. क्षणभर ती तिथंच अडली. अडावी की जावी, यातलं आपल्याला नक्की काय हवं आहे हे तिला आजही सांगता आलं नसतं. मग रंभाबाईनं सरावाचा एक हिसका दिला, हाड कळवळलं आणि बांगडी मनगटात उतरली ती उतरलीच. मागोमाग आणखी पाच उतरल्या. रंभाबाईनं हात वर करून हलवून पाहिला, खाली लोंबता धरून पाहिला. बांगड्या किणकिणल्या, पण मुठीच्या खाली काही आल्या नाहीत. "बसल्या," ती म्हणाली. "आता साबण लावल्याबिगर निघत नाही." शेजारी बाकावर बसलेल्या आईनं वाकून त्यातली एक बांगडी दोन बोटांत धरली, गोल फिरवली आणि जरा वेळानं सोडून दिली. "सैल आहे," ती म्हणाली. "फिरून राहिली आहे पाहा. पुढच्या महिन्यात पाहू." रंभाबाई हसली. "काचेची बांगडी फिरनारच ना बाई. नाही फिरली तं पोरीचं रक्त नाही का अडनार? आना, तुमचा हात आना." आणि आई नको नको म्हणत असताना तिनं तो हात ओढून घेतला. त्यातल्या जुन्या दोन-सहाच्या बांगड्या तिनं काढल्या असं म्हणणंही खोटं होईल. हात खाली होताच त्या आपोआप फडक्यावर जमा झाल्या. रंभाबाईचं हसू मावळलं. तिनं ते मनगट दोन बोटांच्या वेटोळ्यात धरलं, एकवार आईकडं पाहिलं, एकवार लेकीकडं, आणि मागच्या फळीवरून एक वेगळीच रास ओढली. "दोन-दोन. हे तं पोरीचं जुनं माप हाय बाई. तुमाले काहून?"

सीताबर्डीवर त्या वेळी सकाळचे साडेदहा वाजले होते. दुकानापुढून सायकलरिक्षा जात होत्या, समोरचा कापडवाला पाणी मारून ओट्यावरची धूळ बसवत होता, आणि उत्तराला ते सगळं बहिऱ्या माणसाला दिसावं तसं दिसत होतं. आई दोन-दोनच्या बांगड्या भरून घेत होती. त्यांना हिसका द्यावा लागला नाही. वळचणीतून पाणी गळावं तशा त्या एकामागून एक गेल्या. आणि आईच्या चेहऱ्यावर, ओठांच्या अगदी कडेला, जे आलं ते उत्तरानं ओळखलं. दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं. रंभाबाईला ती शरम वाटली असावी. उत्तराला ठाऊक होतं की ते समाधान आहे. ते तिनं स्वतःच्या तोंडावर न्हाणीघराच्या आरशात वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

या बांगड्यांना एक इतिहास होता, आणि धरमपेठेतल्या त्यांच्या गल्लीत तो सगळ्यांना पाठ होता. दोन वर्षांपूर्वी उत्तरा कापसाच्या प्रयोगशाळेत कामाला होती, अजूनही आहे. कापसाचे तंतू चिमट्यानं वेचायचे, काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलायचे, आकडा लिहायचा. तो तराजू इतका नाजूक की माणसाच्या श्वासानं पारडं ढळायचं, म्हणून काम करताना श्वास धरून ठेवायची सवय. ते काम उत्तरासारखं कुणालाच साधत नसे. जे जितकं हलकं तितकं तिला जवळचं. त्या दिवशी पेटीचं झाकण सारताना तिच्या हातातून दोन-दोनची बांगडी, लहान पोरींच्या मापाची, बोटांवरून अलगद निघाली आणि त्या पारड्यावर पडली. पारडं मोडलं, बांगडी मोडली, आणि दुपारी जिना उतरताना उत्तराही कोसळली. दवाखान्यात तिला शुद्ध आली तेव्हा आई उशाशी होती आणि चार बायांच्या देखत सांगत होती, "मी बोलले आहे देवीला. हिच्या हातात दोन-चारची बांगडी थांबेपर्यंत मी एकभुक्त राहीन. तेही अळणी." बायांनी कपाळाला हात लावले. माउली, म्हणाल्या. उत्तराला पहिल्यांदा वाटलं ते मात्र माउली वगैरे नव्हतं. तिला वाटलं, आईनं आपल्याकडून काहीतरी हिसकावून घेतलं.

रिक्षात दोघी शेजारी बसल्या. रिक्षावाला उभा राहून पायडल मारत होता. पूर्वी या रिक्षात आई बसली की उत्तराला कडेला टेकून बसावं लागे. आज मध्ये शाळकरी पोर सहज मावलं असतं. प्रत्येक खड्ड्याला आईचं कमरेचं हाड उत्तराच्या मांडीला लागत होतं आणि उत्तराची मांडी ते झेलत होती, मऊपणानं. त्या मऊपणाची तिला किळस आली. किळस आली आणि मग त्या किळसेची भीती वाटली, कारण डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की ती येईल, पाहुण्यासारखी येईल, तिला चहा विचारायचा नाही. पण किळसेच्या मागून जे आलं त्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. तो हेवा होता. ते टोकदार हाड आपलं होतं. आठ वर्षं खपून आपण ते कमावलं आणि गेल्या दोन वर्षांत घासाघासानं गमावलं, आणि ही बाई, चोपन्न वर्षांची, देवीचं नाव घेऊन ते आयतं लेवून बसली आहे. सख्ख्या आईबद्दल मनात असं येणारी पोरगी नरकात जाते असं आईच सांगायची. उत्तरानं रिक्षाच्या छपराच्या फटीतून येणाऱ्या उनाड उन्हाकडं पाहिलं. बरं होणं म्हणजे काय, हे बरं न झालेल्यांनाच नीट ठाऊक असतं.

तिला आठवत होतं की ती मुळात खाणारी पोर होती. चांगली खाणारी. मावशीकडच्या एका मुंजीत, अकरा वर्षांची असताना, पंगतीत तिनं वाढप्याला हाक मारून म्हटलं होतं, "अजून एक वाढा." पुरणपोळी होती. तिसरी. पंगत हसली, लाडानंच हसली असेल, पण शेजारी बसलेल्या आईनं पानाआडून तिच्या मांडीला असा चिमटा काढला की रक्त साकळलं. "हावरट," आई ओठ न हलवता म्हणाली. "लोक म्हणतील घरी मिळत नाही." आणि लोक आईबद्दल काय म्हणत? ताराबाईंचे उपास म्हणजे उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय श्रावणातले शनिवार. साबुदाण्याच्या नावाखाली दुप्पट खाणाऱ्यातल्या त्या नव्हेत. आई जेवायला बसली तरी तिच्या पानाकडं पाहून समोरच्याला आपल्या भाताची लाज वाटावी. बाविसाव्या वर्षी उत्तरानं आईबरोबर पहिली निर्जळा एकादशी धरली. संध्याकाळी आईला घेरी येऊन तिनं लिंबूपाणी घेतलं. उत्तरानं नाही घेतलं. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आई सांगत होती, "माझी उत्तरा माझ्या पुढं गेली. पाण्याचा थेंब नाही घेतला पोरीनं." त्या आवाजातला अभिमान उत्तरानं जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्या एका वाक्यावर ती पुढं आठ वर्षं जगली. अन्नावर कुठं जगली?

आणि मग एक दिवस ते वाक्य बोलणाऱ्या बाईनंच तिचं नाक दाबलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिला महिना असा गेला की तो उत्तरा मनात आणत नाही, तोच येतो. बाबा पाय धरायचे. मार्तंडराव म्हणजे सरकारी कचेरीत हयात काढलेला, आवाज न चढवणारा माणूस. ते धरायचे तेही हळूच, चष्मा काढून ठेवून. आई नाक दाबायची, तोंड उघडलं की पेजेचा चमचा आत. अर्धं आत, अर्धं गळ्यावर. "गिळ. गिळ म्हणते ना. माझी अन्नान्न दशा झाली तुझ्यापायी." धरमपेठेतल्याच म्हाताऱ्या डॉक्टर श्रीधररावांना हे कळलं तेव्हा ते घरी आले, खुर्चीवरही बसले नाहीत. "हे बंद," ते आईला म्हणाले. "वाढायचं आणि उठून जायचं. ती खाईल नाहीतर खाणार नाही. तुम्ही तिथं थांबायचं नाही." आणि उत्तराला म्हणाले, "तुझी भूक मेली आहे. ती परत येईपर्यंत घड्याळाला भूक लागते असं समज. तीन तासांनी घड्याळ जेवतं, तू त्याच्याबरोबर बसायचं. वर्षभर देवाधर्माचा एकही उपास नाही. देव विचारायला आला तर माझं नाव सांग." वजन ते शनिवारी करायचे, तिचं तोंड भिंतीवरच्या कॅलेंडराकडं करून, आणि आकडा सांगायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "ठीक चाललंय. घाई करू नकोस, घाईनं चढलेलं उतरतं."

घड्याळाबरोबर जेवणं म्हणजे काय ते उत्तरानं कुणाला सांगितलं नाही. सुरुवातीला मुगाची मऊ खिचडी, वाटीभर, आणि ती संपवायला पाऊण तास. घास तोंडात गेला की डोक्यातली ती दुसरी उत्तरा, श्वास धरून तराजूशी बसलेली, आकडे बोलायला लागायची. मग पंधरवड्यानं खिचडीवर चमचाभर तूप आलं. त्या तुपाच्या तवंगाकडं पाहत ती रडली होती. मग केळं, मग मूठभर दाणे, मग दूध. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी अंडं लिहून दिलं. सोवळ्याच्या घरात अंडं! मोलकरीण बायजाबाई आपल्या घरून पातेली घेऊन आली आणि मागच्या अंगणात तीन विटा मांडून उकडून द्यायला लागली. "खा वं बाई," ती उकिडवी बसून म्हणायची. "मी पाहून नाही राहिली तुह्याकडं. मी भांडे घासून राहिली." आणि खरंच पाहायची नाही. ते अंगणातलं अंडं हे उत्तराच्या आयुष्यातलं पहिलं बिनपाहाऱ्याचं जेवण. हळूहळू बोटांना ऊब आली. केस गळायचे थांबले. बसलं की बूड दुखेनासं झालं. तीन वर्षं थांबलेली पाळी परत आली तेव्हा ती न्हाणीघरात उभी राहून हसली की रडली कोण जाणे, आणि बाहेर येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. आता चार दिवस स्वयंपाकघरात शिवाशीव करू नको." त्या चार दिवसांत आई उंबऱ्याबाहेर ताट सरकवायची, भरलेलं, चांगलं दोघींचं होईल असं. आणि स्वतः आत, एक वाटी अळणी भात घेऊन, भिंतीकडं तोंड करून बसायची.

तेव्हापासून उत्तरा पाहत होती. चोराची पावलं चोरालाच ठाऊक. आधी आई एकवेळ पोटभर जेवायची. मग भाकरी सुटली, मग वरण. वाटी तीच राहिली, भात तळाशी गेला. लुगडं सावरताना खांद्याची हाडं दिसायला लागली. थंडी नसताना आई शाल घ्यायला लागली. आणि उत्तराच्या ताटात दिवसागणिक जास्त पडायला लागलं. "तू खाल्लंस की माझं पोट भरतं," असं आई म्हणायची आणि ती ते खरंच म्हणायची, हीच त्यातली भीती. उत्तरानं बाबांना सांगून पाहिलं. बाबांनी पेपर खाली घेतला. "तिचं व्रत आहे," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच आहे. मध्ये कसं बोलायचं?" आणि पेपर वर गेला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले. "मी निरोप पाठवला होता," ते म्हणाले. "त्या म्हणाल्या, मला काय धाड भरली आहे. उत्तरा, एक सांगतो, कडू लागेल. त्यांची काळजी मी करीन, तुझे बाबा करतील, न करतील. तू करायची नाहीस. तू त्यांच्यासाठी एक घास जरी खाली ठेवलास तर तुम्ही दोघी जाल." ती म्हणाली, "आई आहे ती." डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच."

"आई," रिक्षा शंकरनगरच्या वळणावर आली तेव्हा उत्तरा म्हणाली, "बांगडी बसली आहे."

"सैल आहे म्हटलं ना."

"रंभाबाई म्हणाल्या, साबण लावल्याशिवाय निघणार नाही."

"तिला काय, तिला विकायच्या असतात." आईनं शाल ओढून घेतली. "मला माझ्या देवीशी खोटं बोलायचं नाही. तू जेवून राहिली आहेस ना नीट? मग झालं. होईल महिन्या-दोन महिन्यांत. मला काही जड जात नाही."

"ते दिसतंच आहे," उत्तरा म्हणाली. "दोन-दोन झाली तुझी."

आईचा एक हात दुसऱ्या मनगटावर गेला आणि बोटांचं वेटोळं करून तिनं ते मनगट मापलं, अगदी नकळत, जशी उत्तरा प्रयोगशाळेत, देवळात, झोपताना दिवसातून वीसदा मापायची. उत्तराला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं रस्त्याकडं पाहिलं.

घरी शोभाताई येऊन बसल्या होत्या. शेजारच्या शोभाताई म्हणजे आईच्या व्रताच्या अर्ध्या मालकीण. गल्लीत कीर्ती पसरवली ती त्यांनीच. आज बांगडी बसेल असा अंदाज होता, म्हणून उद्यापनाची सवाष्ण म्हणून आईनंच त्यांना सांगितलं होतं. पुरण पहाटेच वाटून झालेलं. आईनं सोवळं नेसून पोळ्या लाटायला घेतल्या, आणि लाटता लाटताच शोभाताईंना सांगितलं, "नाही हो अजून. जरा सैल आहे. पण तुम्ही जेवून जा, सवाष्ण उपाशी जायला नको." शोभाताईंचा चेहरा पडला आणि मग श्रद्धेनं परत वर आला. "धन्य आहे बाई तुमची," त्या म्हणाल्या. "आमच्यानं एक एकादशी होत नाही." तव्यावर पोळी फुगली. त्या वासानं उत्तराच्या तोंडाला पाणी सुटलं. ती दचकली. घड्याळात पाहिलं, एकाला अजून वीस मिनिटं होती. म्हणजे ही घड्याळाची भूक नव्हती. ही तिची होती, परत आलेली, न कळवता.

पाट मांडले. बाबा, शोभाताई, उत्तरा. आई वाढायला उभी. आणि उत्तरा बसण्याआधी शोभाताईंपुढं गेली आणि डावा हात पुढं केला. "शोभाताई, काढून दाखवा," ती म्हणाली. "सैल असेल तर निघेल." शोभाताई आधी हसल्या, मग त्यांनी एक बांगडी धरली आणि ओढली. मुठीच्या हाडाला काच रुतली. त्यांनी पुन्हा ओढली. उत्तरानं दात आवळले. कातडी लाल झाली, मग पांढरी. "अगं बाई, हात सोलेल पोरीचा," शोभाताई म्हणाल्या. "चांगली घट्ट बसली आहे की. ताराबाई, पाहा तरी. व्रत पुरं झालं तुमचं." बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग बस तूही," ते आईला म्हणाले. साधंच म्हणाले. आई झारा हातात घेऊन उभी राहिली आणि तिनं उत्तराकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. रंगेहाथ सापडलेल्या माणसाची नजर होती ती, आणि ती पाहून उत्तराला आनंद झाला. खरा, वाईट, पोटातून आलेला आनंद. तिनं स्वतः चौथा पाट मांडला, ताट ठेवलं, आणि पहिल्यांदा वाढतात तसं ताटाच्या वरच्या कडेला मीठ वाढलं. दोन वर्षांत आईच्या ताटात न पडलेलं मीठ. मग पोळी, वर तूप. "जेव," ती म्हणाली.

आई बसली. तिनं पोळीचा तुकडा मोडला, त्याचे चार केले, एक आमटीत बुडवला, एक कडेला सारला. शोभाताईंना कुठली तरी गोष्ट सांगायला लागली, रंगून, हातवारे करत, आणि बोलण्याच्या भरात तुकडे वाटीआड जात राहिले. शेवटी एक तोंडात गेला. तो या गालातून त्या गालात फिरला. उत्तरा आपली पोळी खात होती आणि पाहत होती. जेवायला बसून न जेवण्याचे हे सगळे चाळे आपण शोधून काढले असा तिचा दहा वर्षांचा समज होता, त्याचा तिला चोरटा गर्वही होता. आता तिला कळलं की ते ती याच स्वयंपाकघरात, याच पाटावर बसून, समोर पाहत पाहत शिकली होती. "तूप आणते," आई तोंड मिटूनच म्हणाली आणि उठली. मागच्या मोरीवर पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज आला. चूळ भरल्याचा आवाज आला. "सवय राहिली नाही ना तिखटामिठाची," शोभाताई मायेनं म्हणाल्या. बाबा भात कालवत होते.

आई परत आली ती तोंड पुसत, आणि तिचा चेहरा शांत होता. तुपाचं भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "हे पुरं झालं, देवीची कृपा. पण शोभाताई, मी मनात आणखी बोलले होते. तेव्हा सांगितलं नव्हतं. हिचं लग्न ठरेपर्यंत." शोभाताईंनी खरकटा हात तसाच जोडला. बाबांचा घास वाटेत थांबला आणि मग तोंडात गेला. आईनं आपल्या ताटातली पोळी, एक कोपरा तेवढा मोडलेली, उचलली आणि वाकून उत्तराच्या ताटात ठेवली. "तू खा," ती म्हणाली. "तू खाल्लंस की माझं पोट भरतं."

पोळी ताटात पडली आणि उत्तराच्या आतली ती जुनी बाई, तराजूशी बसलेली, श्वास सोडून बोलायला लागली. ऊठ, ती म्हणाली. हात धुवून टाक. तू उठलीस तर तीही हे सोडेल. तुला वाचवण्यासाठी ती पुन्हा नाक दाबायला येईल, चमचा घेईल, तिला दुसरं काम मिळेल आणि ती जगेल. या घरात माया दाखवायची ही एकच रीत आहे, आणि तू ती जाणतेस. खाल्लंस तर ती तुझ्या डोळ्यांदेखत झिजत जाईल आणि तुझ्या हाताला दोन-सहाही बसेल. हे सगळं खरं होतं. उत्तराला त्यातलं एकही वाक्य खोडता येईना. तिनं आईकडं पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि खाणाऱ्यांकडं जसं पाहायचं तसं पाहत होती, वरून, कीव करत. उत्तराचं आईवर फार प्रेम होतं. तिला ते त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की डोळे भरून आले. मग तिनं आईची पोळी मोडली, तुपात बुडवली आणि खाल्ली. पहिला घास नुसताच गेला. दुसऱ्याला गोडी लागली. पुरणात जायफळ जरा जास्त झालं होतं; वेलदोडा बेताचा होता; कणीक मऊ भिजली होती. न चाखता इतका चांगला स्वयंपाक ही बाई करते तरी कसा? उत्तरानं ताट स्वच्छ केलं, बोटं चाटली. अजून भूक होती.

"आई," ती म्हणाली, "अजून एक वाढ."

शोभाताई कौतुकानं हसल्या. "ऐका, ताराबाई," त्या म्हणाल्या. "हेच ऐकायला उपास केले ना तुम्ही?" आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. ती आत गेली, पोळी घेऊन आली आणि वाढायला वाकली. हात खाली होताच दोन-दोनच्या नव्या बांगड्या मनगटावरून घसरत बोटांच्या मुळाशी आल्या. आईनं दुसऱ्या हातानं त्या चटकन वर धरल्या, ताटात पडू नयेत म्हणून, आणि तशाच धरून ठेवून पोळी वाढली. उत्तरानं ते पाहिलं. आईनं ती पाहते आहे हे पाहिलं.

"तूप?" आईनं विचारलं.

"हो," उत्तरा म्हणाली. "घाल."